संशोधनावरचा पैसा म्हणजे मच्छीमारांवर बंदीच?

‘मासळीच्या संशोधनावर पैसा घातला की शेवटी बंदीच येते,’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे.

‘समुद्र आटत नाही’ ही खात्रीही जुनीच. १८८३ मध्ये थॉमस हक्सले या नामवंत शास्त्रज्ञाने मोठ्या सागरी मासेमारीतला साठा बहुधा कधीच संपणार नाही, असं म्हटलं होतं. पण १९९२ मध्ये कॅनडाला आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडची कॉड या माशाची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारोंचा रोजगार गेला. त्याआधी साठ्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला गेला होता. म्हणजे घातात चुकीच्या मोजमापाचाही मोठा वाटा होता.

मोजतात कसं? माशाच्या कानात एक इवलासा खडा असतो. तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. पकडीत म्हातारे मासे दिसेनासे झाले, तर तो धोक्याचा इशारा असू शकतो.

आणि नफ्याचं म्हणाल तर जाळंच बघा. ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागून ओढायचं, जाळं ओढताना ताण आला की शंकरपाळ्याच्या आकाराची आस (जाळ्याचं भोक) मिटते, चौकोनी आस उघडी राहते. त्यामुळे बरीच पिल्लं निसटतात, वाढतात आणि पुढे मोठी होऊन चांगल्या भावाला विकली जातात. निवडण्याची मेहनतही वाचते. हे चाचण्यांतून कळलं, आणि चाचण्यांना निधी लागतोच.