कवचफळे : नागपूरकरांच्या आहारातील

टणक कवच फोडून आतला गर ज्यांचा खातात, ती कवचफळे. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत हेझलनट, चेस्टनट अशी मोजकीच बसतात. बदाम, अक्रोड, पिस्ता, चारोळी या खरे तर आठळीतल्या बिया. शेंगदाणा तर हरभरा-वाटाण्याच्या कुळातला, जमिनीखाली पोसणारा. स्वयंपाकघराला या भेदाशी कर्तव्य नाही. कोवळ्या रोपाला पुरावी म्हणून झाडाने साठवलेली स्निग्धता आणि प्रथिने या सगळ्यांत असतात, म्हणून आहारशास्त्रही त्यांना एकत्रच मोजते.

इतवारीच्या किराणा बाजारात एकाच दुकानात बदामाचे डबे, काजूचे प्रकार, खोबऱ्याच्या वाट्या आणि फल्लीची पोती मिळतात. नागपुरात शेंगदाण्याला फल्ली किंवा फल्लीदाणे म्हणतात. भावात फल्ली सगळ्यांत खाली, आणि त्यामुळेच तिची किंमत आपल्याला कळत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, बदामात सुमारे २१. उष्मांक दोघांचेही ५७० किलोकॅलरींच्या आसपास. नायसिन हे ब जीवनसत्त्व १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम मिळते, फोलेटही भरपूर. उपासाच्या दिवशी हे फार ठळक दिसते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावालाच. साबुदाण्याच्या उसळीत मूठभर कूट पडते तेव्हा त्या ताटात प्रथिने येतात. भगरीबरोबरच्या दाण्याच्या आमटीचेही तेच. कुटात हात आखडता घेऊ नये.

चारोळी ही या भागाची खरी संपत्ती. चार नावाचे झाड रामटेक-पेंचपासून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत आपोआप वाढते. उन्हाळ्यात त्याची काळसर-जांभळी फळे पिकतात. गर गोड-आंबट; मुले तो चोखून बी फेकतात, पण पैसा त्या बीतच असतो. गर चोळून काढायचा, बी वाळवायची आणि कवच फोडून मसुरीहून थोडा मोठा दाणा वेगळा करायचा. १०० ग्रॅम चारोळीत सुमारे ५९ ग्रॅम स्निग्धता, १९ ग्रॅम प्रथिने आणि ६५० हून अधिक किलोकॅलरी असतात. कॅल्शियम आणि लोहही चांगले. श्रीखंडावर, बासुंदीत ती चिमटीने भुरभुरतात, त्यामुळे पोषणात तिचा वाटा तिथे थोडाच. ती मुठीने पडते ती पुडाच्या वडीत. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त आणि कोवळा झाला की घरोघरी ही वडी होते. सांबार निवडून, धुऊन, पंच्यावर पसरून पार कोरडा करतात. ओला राहिला तर वडी तळताना फुटते. त्यात किसलेले सुके खोबरे, भाजलेली खसखस आणि चारोळी मिसळतात. बेसनाची पारी लाटून तिला आतून चिंच-मसाल्याचा हात फिरवायचा, सारण भरून पुडी बांधायची आणि तळायची. सोबत कढी. दाताखाली चारोळी आली नाही, तर वडी अर्धवट वाटते.

चारोळीची मागणी वाढली तशी फळे पिकण्याआधीच ओरबाडण्याची, फांद्याच तोडण्याची घाई वाढली. कच्च्या फळाचा दाणा बारीक निघतो आणि तोडलेली फांदी पुढच्या वर्षी फळत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चारोळीसारख्या गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. फळ पूर्ण पिकेपर्यंत थांबणे परवडेल एवढा भाव गोळा करणाऱ्याच्या हाती पडला, तरच हे झाड टिकेल.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा, काजू, पिस्ता, चारोळी आणि आंबा ही सगळी एकाच आम्रकुलातली. बिब्ब्याच्या कवचातला काळा रस कातडीवर पडला तर फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करीत त्या याच रसाने. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचे काम बहुतेक बायाच करतात. एकेक बिब्बा उभा धरून ठोकायचा, रस चुकवत गर अलगद सोडवायचा. कितीही जपले तरी बोटे काळी पडतात, कातडी सोलते. डिंकाच्या लाडवात, बाळंतिणीच्या खुराकात पडणाऱ्या गोडंबीमागे हे हात आहेत, हे लाडू वळताना आठवले पाहिजे. गोडंबीत प्रथिने साधारण पाव हिस्सा, म्हणजे बदामाहून जास्त. ज्यांना काजू किंवा पिस्त्याची अॅलर्जी आहे त्यांनी ती टाळावी.

बाहेरून येणाऱ्यांपैकी बदाम ई जीवनसत्त्वासाठी उजवा : १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम, शिवाय १२ ग्रॅम तंतू. अक्रोडात ओमेगा-३ गटातले आल्फा-लिनोलेनिक आम्ल सुमारे ९ ग्रॅम असते. इतर नेहमीच्या कवचफळांत ते नगण्य. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. त्यात पिष्ट जास्त, मॅग्नेशियमही चांगले. खोबरे यांच्या रांगेत बसवू नये. सावजी रश्श्याला त्याच्याशिवाय अंग येत नाही हे खरे, पण सुक्या खोबऱ्यात प्रथिने जेमतेम ७ टक्के आणि स्निग्धता बहुतांश संपृक्त.

स्पेनमधल्या मोठ्या प्रेडिमेड चाचणीत भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम मिश्र कवचफळे खाणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. ३० ग्रॅम म्हणजे एक मूठ. तळलेली, खारवलेली किंवा साखरेत घोळलेली मूठ यात धरू नये.

नागपुरात खरा प्रश्न साठवणीचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वरच्या फळीवरच्या डब्यातली स्निग्धता हवेशी संयोग पावून खवट होते. सगळ्यांत आधी अक्रोड जातो. ताज्या अक्रोडाची फोड फिकट पिवळसर आणि चवीला गोडसर. जुन्याची पिवळी-तपकिरी, तिला तैलरंगासारखा वास येतो आणि घशाशी कडवटपणा राहतो. उन्हाळ्यात अक्रोड, चारोळी आणि गोडंबी घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावी. पावसाळ्यात धोका फल्लीला : ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा निवडूनच टाकावा. एखादा तोंडात आलाच तर गिळू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, श्वासनळीत अडकतो. त्यांच्यासाठी कूटच.