पीजी_सेटिंग्ज की पीजी_फाइल_सेटिंग्ज? आधी ठरवा, कोणाची व्हॅल्यू बघायचीय

"फाइल बदलली, रिलोड केलं, तरी 'शो' कमांड जुनीच व्हॅल्यू दाखवतेय. पोस्टग्रेसमध्ये बग आहे का?" पोस्टग्रेस डेटाबेसबद्दलचा हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. बग नसतो. लिहिलेलं असतं एकीकडे आणि बघणं चाललेलं असतं दुसरीकडे. याच्याच उलटा प्रश्न क्वचित येतो, पण जास्त महागात पडतो: "शो तर बरोबर आकडा दाखवतंय, मग ॲप का रडतंय?" खरी गोम या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून पहिला भराभर उरकतो.

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही सेटिंग्जची मुख्य फाइल तुम्ही रोज उघडता, तिच्याबद्दल सांगत बसत नाही. पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू (टेबलासारखी क्वेरी करता येणारी यादी) त्या फाइलीचं वाचन आहे, बाकी काही नाही. ९.५ आवृत्तीपासून तो आहे आणि तरीही लोक सर्व्हरवर शिरून ग्रेप (फाइलीत शब्द शोधणारी कमांड) मारतात, हे मला कळत नाही. ग्रेपला इन्क्लूड केलेल्या फाइली दिसत नाहीत आणि एकच नाव तीनदा आलं तर त्यातलं कुठलं चालणार हेही तो सांगत नाही. हा व्ह्यू फाइलीतल्या प्रत्येक सेटिंगला एक रो देतो: कुठली फाइल, कितवी ओळ, काय लिहिलंय, ते लागू होण्याजोगं आहे का, आणि चूक असेल तर कोणती. तेही या क्षणी डिस्कवर जे आहे ते वाचून. म्हणजे स्पेलिंग चुकलं असेल तर रिलोड करण्याआधीच कळतं. मूळ सेटअपमध्ये तो फक्त सुपरयूझरला दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

परवाचंच उदाहरण. वर्क_मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी, या सेटिंगचे दोन रो आले. पहिला पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमधला, '६४एमबी', 'ॲप्लाइड' कॉलममध्ये एफ (फॉल्स). दुसरा पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ, ओळ ३, '१६एमबी', टी (ट्रू). कधीतरी कोणीतरी 'ऑल्टर सिस्टिम' चालवून विसरून गेलं होतं. ९.४ मध्ये आलेली ही कमांड ऑटो.कॉन्फमध्ये लिहिते, आणि ती फाइल सगळ्यात शेवटी वाचली जाते. तुम्ही मूळ फाइलीत कितीही डोकं आपटा, जिंकणार ऑटो.कॉन्फच. आणि कंटेनर सुरू करतानाच कमांडवर 'मायनस सी' लावून व्हॅल्यू दिली असेल तर ऑटो.कॉन्फचंही काही चालत नाही.

आता पीजी_सेटिंग्ज. इथे दिसतं ते चालू असलेलं. 'शो' कमांडही तेच दाखवते, फक्त जरा वाचनीय करून. शेअर्ड_बफर्सला (सर्व्हरची सामाईक कॅश मेमरी) पीजी_सेटिंग्जमध्ये १६३८४ दिसलं म्हणून घाबरू नका. शेजारच्या 'युनिट' कॉलममध्ये ८केबी आहे, गुणाकार केला की १२८ एमबी. आणि ज्या सेटिंगचा 'कॉन्टेक्स्ट' पोस्टमास्टर आहे ती रिस्टार्टशिवाय बदलत नाही. रिलोड केल्यावर 'पेंडिंग_रिस्टार्ट' टी झालेलं दिसेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढ्यातच मिळतं.

आता दुसरा प्रश्न. पीजी_सेटिंग्ज हे नाव फसवं आहे. वाचून वाटतं, सर्व्हरच्या सेटिंग्ज. प्रत्यक्षात तो तुमच्या स्वतःच्या सेशनच्या, म्हणजे तुमच्या जोडणीच्या, सेटिंग्ज दाखवतो. शेअर्ड_बफर्ससारख्या गोष्टी सगळ्यांना एकच असतात, त्यामुळे तिथे फरक पडत नाही आणि सवय लागते. वर्क_मेम, स्टेटमेंट_टाइमआउट, सर्च_पाथ, टाइमझोन असल्या सेटिंग्ज मात्र प्रत्येक सेशनला वेगळ्या असू शकतात. डेटाबेसवर लावलेली व्हॅल्यू फाइलीतल्या व्हॅल्यूला बाजूला सारते, रोलवर (म्हणजे डेटाबेसच्या यूझरवर) लावलेली डेटाबेसच्या व्हॅल्यूला, त्यावर जोडणी करताना क्लायंटने पाठवलेली, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सेशनमध्ये दिलेला 'सेट'.

हे मला माहीत होतं. तरी एका क्लायंटकडे माझेच दोन तास गेले. रिपोर्टची क्वेरी ॲपमधून मरणाची मंद, आणि मी चालवली की पटकन संपणारी. माझ्या एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) सॉर्ट मेमरीतच, क्विकसॉर्ट. लॉगमध्ये मात्र ॲपच्या नावाने टेम्पररी फाइलींचा ढीग, म्हणजे त्याला मेमरी पुरत नव्हती. 'शो वर्क_मेम' म्हणालं ६४ एमबी. मग वाटलं, ॲपचा रोल घेऊन बघू. 'सेट रोल' मारला, पुन्हा शो, पुन्हा ६४ एमबी. म्हणजे रोलचा काही संबंध नाही, असं ठरवून मी इंडेक्सच्या मागे लागलो.

चूक नेमकी तिथेच होती. 'ऑल्टर रोल' ने लावलेल्या व्हॅल्यू फक्त लॉगिनच्या वेळी लागतात. 'सेट रोल' ने परवानग्या बदलतात, सेटिंग्ज बदलत नाहीत. मी टोपी त्याची घातली होती, पण खिशात पैसे माझेच होते. शेवटी त्याच यूझरने, त्याच डेटाबेसला नवीन जोडणी केली: वर्क_मेम ४ एमबी आणि 'सोर्स' कॉलममध्ये 'यूझर'.

हा 'सोर्स' कॉलम बघा, हात जोडून सांगतो. नुसत्या शोला हात लावायचीच माझी सवय सुटली आहे, कारण तो आकडा सांगतो आणि आकडा आला कुठून ते गिळून टाकतो. 'कॉन्फिग्युरेशन फाइल', 'डेटाबेस', 'यूझर', 'क्लायंट', 'सेशन', 'कमांड लाइन' यांपैकी एक शब्द दिसला की कुठे जाऊन दुरुस्त करायचं ते कळतं. आणि 'रीसेट_व्हॅल' ला डिफॉल्ट म्हणू नका. 'रीसेट' मारल्यावर तुमचं हे सेशन ज्या व्हॅल्यूवर परत येईल ती ती. पोस्टग्रेससोबत जन्माला आलेली व्हॅल्यू हवी असेल तर 'बूट_व्हॅल' बघा.

रोलवर आणि डेटाबेसवर काय काय लावून ठेवलंय याची एकत्र यादी या दोन्ही व्ह्यूंत नाही. ती पीजी_डीबी_रोल_सेटिंग या कॅटलॉगमध्ये असते. पीएसक्यूएल या कमांड-लाइन क्लायंटमध्ये बॅकस्लॅश डीआरडीएस टाकलं की दिसते. त्या दिवशी हे आधी केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

दुरुस्तीनंतरही गंमत संपली नाही. रोलवरची व्हॅल्यू काढली, तरी ॲप तसंच मंद. कनेक्शन पूलमधल्या (ॲप उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरतं त्या) जोडण्या सकाळपासून उघड्या होत्या आणि लॉगिनला मिळालेले ४ एमबी धरून बसल्या होत्या. फाइलीतला असा बदल रिलोडनंतर चालू सेशनपर्यंत पोहोचतो, वरून कोणी काही लावलेलं नसेल तर. रोलवरचा बदल पोहोचत नाही. पूल रीस्टार्ट केला तेव्हा कुठे टेम्पररी फाइली थांबल्या.

दुसऱ्या सेशनची व्हॅल्यू तुमच्या सेशनमधून दाखवणारा व्ह्यू पोस्टग्रेस देत नाही. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत क्वेरी दिसते, तिचा वर्क_मेम दिसत नाही. म्हणून आता माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ॲप सुरू होताना स्वतःच्या जोडणीतून पीजी_सेटिंग्जमधले नाव, व्हॅल्यू आणि सोर्स हे तीन कॉलम वाचतं आणि पाच-सहा नावांपुरते लॉगमध्ये टाकतं. सोर्सफाइल आणि ओळ क्रमांक साध्या यूझरला रिकामे दिसतात, त्यामुळे ते मागत नाही.