इंजिन उतरवणं सोपं, कागद बदलणं अवघड: जुन्या स्कूटरी इलेक्ट्रिक करण्यामागची पार्श्वभूमी

नाशकातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतो: "वडिलांची चेतक आहे, इंजिन बसलंय. बॅटरीवर करून मिळेल का?" मिस्तरी हो म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. मोटर बसते, चाक फिरतं, गाडी गल्लीत चक्कर मारून येते. अडचणी त्यानंतर सुरू होतात. त्या का येतात हे कळायला ही स्कूटर मुळात घडली कशी, इथपासून सुरुवात करावी लागते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतल्या पिआज्जिओ कंपनीच्या विमान कारखान्याला विमानांचं काम उरलं नव्हतं. कंपनीने हेलिकॉप्टरवर काम केलेल्या कोरादिनो दास्कानिओ या अभियंत्याला स्वस्त दुचाकी बनवायला सांगितलं. गंमत म्हणजे त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं तर चाक लवकर निघत नाही, बसताना तंगडी वर करावी लागते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. 1946 मध्ये आलेल्या व्हेस्पात त्याने त्या एकेक करून निकालात काढल्या. वेगळी चौकट ठेवलीच नाही. दाबून आकार दिलेला पत्रा हाच सांगाडा. चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेलं, चार-पाच नट काढले की हातात येणारं. साखळीला तर फाटाच दिला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा दांडा, सगळं एकाच डब्यात, उजव्या कुशीत. हा डबा पुढच्या टोकाला एका लांब बोल्टवर झुलतो आणि मागे शॉकअॅब्सॉर्बरला टांगलेला असतो.

म्हणजे व्हेस्पात इंजिन हाच स्विंग आर्म, मागचं चाक धरून वर-खाली झुलणारा हात. जुनी स्कूटर इलेक्ट्रिक करू पाहणारा प्रत्येक जण शेवटी याच बोल्टपाशी येऊन अडतो. त्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडे स्कूटर आली ती दोन वाटांनी. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने 1950 च्या दशकात लॅम्ब्रेटा जुळवायला घेतली. बजाजला 1959 मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पिआज्जिओशी करार करून व्हेस्पा देशात बनू लागली. 1971 मध्ये तो करार संपला, पुढे वाढला नाही. पुढच्याच वर्षी त्याच घडणीवर बजाजने स्वतःच्या नावाची चेतक आणली. लॅम्ब्रेटाची इटलीतली यंत्रसामग्री विकत घेऊन सरकारने लखनौला स्कूटर्स इंडिया उभी केली, तिची विजय सुपर निघाली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सने प्रिया काढली. उत्तर महाराष्ट्रातल्या घरांत आज जुनी स्कूटर असेल तर बहुतेक चेतक, बजाज सुपर किंवा प्रिया. या तिघींचं घराणं एकच, व्हेस्पाचं, त्यामुळे मिस्तरीच्या लेखी फरक फारसा नाही.

परवाना राजमध्ये कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हेही सरकारच ठरवत असे, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आठ-दहा वर्षांची वाट ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला भाव होता. नव्या गाडीपेक्षा एक-दोन वर्षं वापरलेली गाडी महाग विकली जायची. इतक्या खटपटीने आलेली वस्तू कोण विकणार? गाडी बंद पडली तरी जिन्याखाली राहिली, आणि म्हणूनच आज तिच्यात मोटर बसवण्याचा विचार तरी करता येतो.

नाशकात तिने कामंही नाना प्रकारची केली. ओझरच्या मिगच्या कारखान्यात, सातपूर-अंबडच्या शिफ्टला, निफाड-पिंपळगावकडे पायदानावर द्राक्षांचे क्रेट ठेवून, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून. पेट्रोल भरताना त्यात ऑइल टाकायचं, सकाळी चोक ओढायचा, तरीही नाही उठली तर गाडी एका बाजूला कलती करून पुन्हा किक मारायची. चेतकच्या दिव्यांना वीज यायची ती बॅटरीतून नाही, इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोतून. त्यामुळे सिग्नलला गाडी उभी राहिली की हेडलाइट मिणमिणायचा आणि हॉर्नचा गळा बसायचा.

उतरती कळा दोन बाजूंनी लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात कायनेटिक होंडा आली, गिअर नाहीत आणि बटण दाबलं की सुरू. मग धुराचे नियम आले: 1991 मध्ये पहिले, 1996 मध्ये कडक, 2000 मध्ये आणखी कडक. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण काही प्रमाणात न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं, हा त्याचा मूळचाच दोष. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा फोर-स्ट्रोककडे जाणं कंपन्यांना परवडलं. 2001 मध्ये अॅक्टिव्हा बाजारात आली. चेतकचं उत्पादन 2005 च्या सुमारास थांबलं आणि 2009 अखेर बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग मात्र मिळत राहिले आणि आजही मिळतात. हा मुद्दा इलेक्ट्रिकच्या उत्साहात हमखास विसरला जातो.

चालू गाडीचं इंजिन काढून मोटर बसवण्याची कल्पनाही नवी नाही. 1993 मध्ये काठमांडूत अमेरिकी मदतीने डिझेलवरचा तीनचाकी टेम्पो विजेवर करून पाहिला गेला, आणि त्यातूनच तिथले साफा टेम्पो उभे राहिले. दुचाकीत मात्र हे जमेना, आणि कारण होतं वजन. शहरात साठेक किलोमीटर चालायला स्कूटरला साधारण 1.8 युनिट वीज साठवावी लागते, म्हणजे 60 व्होल्ट, 30 अँपियर-तासांची बॅटरी. लेड-अॅसिडमध्ये तेवढी वीज ठेवायची तर पन्नासेक किलो वजन होतं. चेतकचं सगळं वजन शंभर किलोच्या आसपास. 2006 नंतर आपल्याकडे इलेक्ट्रिक स्कूटरींची पहिली लाट आली आणि पाच-सहा वर्षांत ओसरली, ती बऱ्याच अंशी याच बॅटऱ्यांमुळे. लिथियम बॅटरीत तेवढीच वीज पंधरा किलोच्या आत बसते. त्याच सुमारास चाकाच्या आतच बसणाऱ्या हब मोटरी स्वस्त झाल्या, आणि मग जगभर लोकांनी जुन्या स्कूटरी उघडायला घेतल्या. लंडनच्या रेट्रोस्पेक्टिव्ह स्कूटर्सने व्हेस्पा-लॅम्ब्रेटासाठी तयार किट विकायला काढलं. त्यात सांगाडा कापावा लागत नाही, मनात आलं तर जुनं इंजिन परत लावता येतं.

आपल्याकडे ऑक्टोबर 2019 मध्ये बजाजने इलेक्ट्रिक चेतक दाखवली आणि जानेवारी 2020 मध्ये ती विक्रीला आली. तेव्हापासून "कंपनीनेच केली, मग माझी का होणार नाही" हा युक्तिवाद ऐकू येतो. त्या गाडीत जुन्या चेतकचं नाव आणि पत्र्याची बॉडी एवढंच आहे. बाकी सगळी नवी गाडी.

आता तो बोल्ट. चेतकचं इंजिन उतरवणं हे तासाभराचं काम: दोन गिअर केबल, क्लच, मागचा ब्रेक, अॅक्सिलरेटर, चोक, पेट्रोलची नळी, वायरिंगचा जोड सोडवायचा, शॉकअॅब्सॉर्बरचा खालचा नट काढायचा, लांब बोल्ट ठोकून बाहेर काढायचा. मागचा भाग उचलला की इंजिन चाकासकट खाली. इतकं सोपं पाहून गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिनाबरोबर स्विंग आर्म गेला, चाकाचा दांडा गेला आणि मागचा ब्रेकही गेला, कारण ड्रम ब्रेकची पाटी त्याच डब्यावर असते. म्हणजे मोटर बसवण्याआधी नवा स्विंग आर्म बनवायचा, तोही असा की चाक बरोबर मध्ये येईल, शॉकअॅब्सॉर्बर जुन्याच जागी लागेल आणि ब्रेक पायाखालच्या पेडलनेच दाबला जाईल. अंबड-सातपुरात स्विचगियर आणि मोटारींच्या कारखान्यांना माल पुरवणारी इतकी छोटी वर्कशॉप आहेत की असा भाग बनवून घेणं नाशिककराला अवघड नाही. पण तो किती भार सोसेल हे तपासणारं कुणी मध्ये नसतं, आणि मला भीती वाटते ती इथेच. मोटर जळली तर गाडी थांबेल. जराशा सदोष वेल्डिंगवर ताशी पन्नासच्या वेगात पांडवलेणीचा उतार उतरताना काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

बाकीची कामं मजेशीर आहेत. बॅटरी टाकीच्या जागी आणि डाव्या डिकीत वाटून ठेवतात, कारण उजवीकडचं इंजिन गेल्यावर तोल बदलतो. दिवे-हॉर्नसाठी मोठ्या बॅटरीतून 12 व्होल्ट काढणारा कन्व्हर्टर लागतो, आणि चेतकचा हेडलाइट पहिल्यांदाच सिग्नललासुद्धा स्थिर जळतो. नव्या धाटणीची इलेक्ट्रिक मूठ जुन्या हँडलमध्ये बसत नाही. हुशार कारागीर मूळची मूठ आणि केबल तशीच ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला आत सेन्सर लावतात. डाव्या मुठीतले चार गिअर मात्र शोभेचे होतात. जुन्या नाशकातल्या टेकड्यांवर, सराफ बाजाराकडच्या चढाला, दोघं बसले की हब मोटर तापते. गिअरवाल्या चेतकला पहिल्यात टाकलं की काम भागायचं, इथे तो पर्याय नाही.

आता कायदा. 2016 च्या जूनमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून चालू वाहन पूर्ण विजेवर करण्याची रीतसर वाट काढली. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेची मान्यता हवी, ती एआयएस 123 या मानकानुसार आणि ठरावीक मॉडेलसाठीच मिळते. किट बनवणाऱ्याने नेमलेल्या माणसानेच ते बसवायचं, आणि मग आरटीओने गाडी पाहून आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलऐवजी इलेक्ट्रिक लिहायचं. याच नियमात एक अट आहे जिच्यावर या विषयातला निम्मा उत्साह आपटतो: वाहन 1 जानेवारी 1990 रोजी किंवा त्यानंतर बनलेलं असावं. चेतकची सत्तर-ऐंशीची दोन्ही दशकं या अटीने बाहेर गेली. नंबर लावून मिळवलेली, जिच्यासाठी जीव तुटतो, नेमकी तीच गाडी. गाड्यांच्या नंबरांची आजची पद्धत 1989 मध्ये आली, म्हणून नुसत्या पाटीवरूनही अंदाज बांधता येतो. एमएच-15 असेल तर आशा आहे, तीन अक्षरांचा जुना नंबर असेल तर नाही.

जुलै 2021 मध्ये दुसरा नियम आला. पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, आणि ती गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. म्हणजे 1973 ची चेतक विजेवर केली तर ती कायद्याने इलेक्ट्रिकही होत नाही आणि व्हिंटेजही राहत नाही. मंजुरीशिवाय केलेल्या बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघातानंतर कंपनी सगळ्यात आधी आरसी आणि गाडी ताडून पाहते. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरची सूट असते ना, असं काही जण विचारतात. ती मुळात तशाच बनवून मान्यता घेतलेल्या गाड्यांसाठी आहे. चेतकमध्ये छोटी मोटर टाकून ती मिळत नाही.

बॅटरीचे नियम कडक झाले त्यात नाशिकचाही एक प्रसंग आहे. एप्रिल 2022 मध्ये नाशिकजवळ एका कंटेनरमधल्या 40 नव्या इलेक्ट्रिक स्कूटरींपैकी 20 पेटल्या. त्या उन्हाळ्यात देशात अशा घटना ओळीने घडल्या आणि बॅटरीच्या चाचण्यांचं एआयएस 156 हे मानक डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत वाढवण्यात आलं. बाजारातून सुटे सेल आणून घरी जोडलेली पेटी यातल्या कुठल्याही चाचणीतून गेलेली नसते. ती चेतकच्या टाकीच्या जागी, म्हणजे नेमकी सीटखाली बसते.

मान्यताप्राप्त किटांचा भर मोटरसायकलींवर का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. ठाण्याच्या गोगोए1 कंपनीने स्प्लेंडरसाठी किट काढलं, कारण रस्त्यावर स्प्लेंडर अमाप आहेत. चाचणीचा खर्च मॉडेलमागे करायचा असतो. उत्पादन बंद झालेल्या, दरवर्षी कमी होत जाणाऱ्या स्कूटरीवर तो करायला धंद्याची छाती लागते.

मला विचाराल तर नव्वदच्या दशकातली, इंजिन खरोखर गेलेली, पत्रा शाबूत असलेली चेतक हीच यासाठी योग्य गाडी, आणि तीही मान्यतेचं किट हातात असेल तरच. तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत किंवा गॅरेजात जाण्याआधी आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना वाचावा. तो डिसेंबर 1989 किंवा त्याआधीचा निघाला तर किटचा भाव काढू नये, बोअर मारून नवा पिस्टन टाकायला किती घेणार ते विचारावं.