संगणक उठत नाही की विंडोज उठत नाही?

‘पीसी चालूच होत नाहीये’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एकीत यंत्रच उठत नाही. दुसरीत यंत्र ठणठणीत उठतं, पण विंडोज उठत नाही. काल काम करता करता मशीन बंद पडलं आणि आज सुरू होत नाही, एवढंच सांगितलं तर दोन्ही सारख्याच वाटतात आणि दुकानात दोन्हींवर एकच उत्तर मिळतं: ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो.’ पहिल्या प्रकारात फॉरमॅटचा काडीचाही उपयोग नाही. दुसऱ्यातही बऱ्याचदा त्याची गरज नसते, आणि फोटो, टॅलीचा डेटा वगैरे जातो तो वेगळाच.

बटण दाबल्यावर काय घडतं ते पाहिलं की या दोन्हींमधली सीमा दिसते. मदरबोर्डच्या इशाऱ्यावर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला बायोस हा सुरुवातीचा प्रोग्राम चालवू लागतो. बायोस रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, कंपनीचा लोगो दाखवतो, डिस्क शोधतो आणि मग कारभार विंडोज सुरू करणाऱ्या बूट मॅनेजरच्या हाती सोपवतो. तोपर्यंत विंडोजचा संबंधच आलेला नसतो. लोगोच्या खाली गोल फिरणारे ठिपके मात्र विंडोजचे असतात. ते दिसले म्हणजे निदान डिस्क सापडली आणि तिच्यावरून काहीतरी वाचता आलं.

म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे. मशीन सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ (काही लॅपटॉपवर एफ-१० किंवा एस्केप) दाबत राहा. बायोसची स्क्रीन उघडली, तर पुढे विंडोजकडे आणि डिस्ककडे बघायचं. स्क्रीन काळीच राहिली, तर विंडोजला बोल लावू नका.

काळ्या स्क्रीनचा प्रकार आधी. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच नाही. अशा वेळी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे की चुकून मदरबोर्डात, हे बघायला कमीपणा मानू नये. यातच कितीतरी तक्रारी मिटतात. मग रॅम. वीज पूर्ण बंद करून रॅम काढायची, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसायचे आणि दोन असतील तर एकच लावून बघायची. दमट हवेत हे संपर्क खराब होतात, त्यामुळे पावसाळ्यात हा उपाय गल्लीतला प्रत्येक मेकॅनिक सगळ्यात आधी करतो, आणि बरोबर करतो. रॅम बदलल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर मात्र थोडा धीर धरा. डीडीआर-५ रॅमची मशीन पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर घालवतात, आणि लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबतात.

मदरबोर्डवर छोटा दिवा लागलेला दिसतो म्हणून एसएमपीएस चांगला, असं समजू नये. तो दिवा बहुधा ५ व्होल्टच्या स्टँडबाय पुरवठ्यावर जळतो. १२ व्होल्टची लाइन मेलेली असली तरी तो जळतच राहतो. खात्रीसाठी दुसरा एसएमपीएस लावून बघणं हाच उपाय. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. बऱ्याच नव्या मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार दिवे असतात. तपासणी जिथे अडते तिथला दिवा जळत राहतो. त्यातल्या पहिल्या तिघांपैकी एखादा अडला तर बिघाड हार्डवेअरचा. बूटचा दिवा अडला तर तुम्ही सीमा ओलांडलीत.

सीमेपलीकडे काय घडू शकतं याचा मोठा नमुना जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर जगभर पोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन, रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन या फेऱ्यात अडकले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. त्या यंत्रांत एकही सुटा भाग बिघडलेला नव्हता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू करून, ती एक फाइल काढून टाकली की मशीन उठत होतं. खरी दमछाक झाली ती बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीमुळे, कारण सेफ मोडकडे जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जात होती आणि ती हाताशी नसायची.

घरच्या मशीनचंही असंच असतं. विंडोज ओळीने दोन-तीनदा अर्ध्यात पडलं की दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथून स्टार्टअप रिपेअर, शेवटचं अपडेट काढणं आणि सेफ मोड, या क्रमाने जावं. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा, मग डिस्क बायोसमध्ये दिसते का ते बघा. तिथेच दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क गेली. विंडोज बिचारं निर्दोष.

गोंधळ वाढतो तो दोन्हींच्या मधल्या जागेत. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते एवढंच आपल्याला माहीत असतं. पण काही बोर्डांवर त्याबरोबर डिस्कची सेटिंगही मूळपदावर जाते आणि विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळतं. दिसायला विंडोजचा बिघाड, मूळ काही रुपयांच्या सेलात! इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांनी तर लोकांना आणखी चकवलं. गेम कोसळायचे, संदेश ग्राफिक्स मेमरी कमी पडल्याचा यायचा, आणि दोष होता प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, हमीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही.

अशा वेळी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती उबुंटूच्या (विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच चालू शकणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या) पेन ड्राइव्हची चाचणी. त्यावरून मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल करू नका, फक्त तासभर व्हिडिओ वगैरे चालवून वापरा. सुरळीत चाललं तर संशय विंडोजवर किंवा डिस्कवर. तिथेही अडकलं, बंद पडलं, तर रॅम, एसएमपीएस, उष्णता यांकडे वळायचं. रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणी प्रोग्राम रात्रभर लावून ठेवायचा.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवर फार विसंबू नका. नावात पॉवर आहे म्हणून लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. चेकडिस्क (डिस्क तपासणारी विंडोजची सोय) चालवू नका, स्टार्टअप रिपेअरही नको. मरणाऱ्या डिस्कला त्याने आणखी राबवलं जातं. मशीन बंद करा. डेटा मोलाचा असेल तर डिस्क तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि बिटलॉकरची की सोबत घ्या.