कामगिरी निर्देशक

संस्थेचे उद्दिष्ट आणि कर्मचाऱ्याचे रोजचे काम एकाच दिशेने चालले आहे का, हे आकड्यांत दाखवणारे माप. कचेऱ्यांमध्ये ते ‘केपीआय’ (की परफॉर्मन्स इंडिकेटर) या नावाने रूढ आहे.

वरिष्ठ व कनिष्ठ यांनी मिळून उद्दिष्टे ठरवावीत, हा विचार व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडला. याच विषयाचे अभ्यासक रॉबर्ट कॅप्लन व डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये नफ्याच्या जोडीला ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकण्याची क्षमता हीही मोजायला घेतली. भारतात केंद्र सरकारचे मंत्रालय आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यात वर्षाच्या लक्ष्यांचा सामंजस्य करार होतो. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉयल या दोन सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरात असल्याने ही पद्धत शहराला जवळची आहे.

कोळशाचे लक्ष्य कंपनीकडून क्षेत्राकडे (काही खाणींच्या गटाकडे), क्षेत्राकडून खाणीकडे आणि तिथून पाळीपर्यंत उतरते. खरी कसोटी इथेच लागते. केवळ टनांवर बोट ठेवले, तर आधीच उघडा पडलेला कोळसा भराभर काढला जातो आणि वरचा माती-दगडाचा थर, म्हणजे ‘ओबी’, हटवण्याचे काम मागे पडते. त्या वर्षीचा आकडा चांगला दिसतो, पुढच्या वर्षी मात्र खाणीत काढायला कोळसाच मोकळा नसतो. म्हणून कोळशाचे टन आणि ओबीचे घनमीटर एकत्रच वाचले पाहिजेत. उमरेडच्या खुल्या खाणीचे हे माप सावनेरच्या भूमिगत खाणीला लावता येत नाही. पावसाळ्यात खुल्या खाणीत पाणी साचते, रस्ते चिखलाने भरतात. वर्षाचे लक्ष्य बाराने भागून महिन्यांवर वाटणे हा सरळ अन्याय आहे.

निर्देशक ज्याच्या नावावर असेल, त्याच्या हातात ते काम असावे लागते. डंपरचालकाच्या फेऱ्या शॉव्हेल (डंपर भरणारे खोदयंत्र) चालू आहे का, रस्ता कसा आहे, यावरही ठरतात. त्यामुळे यंत्रे चालू स्थितीत राहिल्याचे तास देखभाल विभागाच्या खात्यावर धरणे योग्य. सुरक्षेबाबत फक्त अपघातांची संख्या मोजली की किरकोळ दुखापती दडवल्या जाण्याचा धोका असतो. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद करणाऱ्यालाही श्रेय मिळायला हवे.

सार्वजनिक उपक्रमांत अधिकाऱ्यांचे कामगिरीनिगडित वेतन कंपनीच्या आणि त्यांच्या स्वतःच्या मूल्यांकनावर ठरते. कोळसा कामगारांचे वेतन मात्र कामगार संघटनांशी होणाऱ्या राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार ठरते.