एकच डाग, तीन बुरश्या

चवथीला नैवेद्याचं पान आणायला गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत उतरलं, की धड पान सापडेपर्यंत अर्धा तास जातो. दोन महिन्यांच्या पावसात केळींची खालची पानं करपलेली असतात. आधी शिरांच्या दिशेने बारीक पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके, शेवटी मधोमध राखाडी आणि कडेला पिवळी किनार असलेले डाग. डाग एकमेकांत मिसळले की पान वाळून खोडाशी लोंबकळतं. पानं गेली की घडाला अन्न मिळत नाही, केळी बारीक राहतात आणि वेळेआधीच पिकतात. आपण याला करपा म्हणतो. पुस्तकातलं नाव सिगाटोका, फिजी बेटावरच्या त्या नावाच्या खोऱ्यावरून. १९१२ साली तिथे हा रोग नोंदला गेला.

पण करपा हा एकच रोग नाही. स्युडोसर्कोस्पोरा वंशातल्या तीन बुरश्या जवळपास सारखेच डाग पाडतात. म्युसी पिवळा करपा आणते, फिजिएन्सिस काळा, आणि तिसरी युम्युसी, जी १९९०च्या दशकात दक्षिण भारतासह आशियात काही ठिकाणी वेगळी ओळखली गेली. नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यातला फरक सांगणं जाणकारालाही अवघड. पानाच्या तुकड्यातला डीएनए मात्र तो नेमका सांगतो.

२०१६ साली या तिघींचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण तिथेच वाटतं. युम्युसीचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे ४ कोटी ७० लाख अक्षरांचा, म्युसीचा ६ कोटींचा, फिजिएन्सिसचा तब्बल ७ कोटी ४० लाखांचा. ही वाढ मुख्यतः नव्या जनुकांमुळे झालेली नाही. स्वतःच्या नकला काढून जागोजागी घुसणारे डीएनएचे तुकडे तिथे साचले आहेत. नात्याने म्युसी आणि युम्युसी सख्ख्या बहिणी. फिजिएन्सिस आधीच वेगळी झालेली चुलत बहीण. मग सख्ख्या बहिणींचा स्वभाव सारखा असायला हवा ना? तसं नाही. म्युसी त्या मानाने सौम्य, युम्युसी आणि फिजिएन्सिस जहाल. पानाच्या पेशीभित्ती फोडणाऱ्या आणि अन्न पचवणाऱ्या जनुकांच्या कुटुंबांत या दोन जहाल बुरश्यांमध्ये एकमेकांशी जुळणारे बदल दिसले. दोघी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि केळीचं पान खाण्याच्या सारख्याच रीतीवर पोचल्या.

केळीकडे असा बदलण्याचा मार्ग फारसा नाही. साळदाटी, रसबाळी किंवा मयड्याची मोठी केळी या जाती आपण मुनव्यापासून (बुंध्याशी फुटणाऱ्या पिलापासून) लावतो, म्हणजे प्रत्येक रोप आईची हुबेहूब नक्कल. बुरशी मात्र दर हंगामात जनुकांची सरमिसळ करून नवे बीजाणू वाऱ्यावर सोडते.

हेच औषधांच्या बाबतीत नडतं. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं बुरशीच्या एका प्रथिनाला चिकटून तिच्या पेशीचं आवरण बनू देत नाहीत. फिजिएन्सिसमध्ये त्या प्रथिनाचं जनुक असं बदललं, की औषध नीट चिकटेना. काही ठिकाणी ते जनुक जास्त जोराने चालू लागलं आणि प्रथिनच वाढलं. मध्य अमेरिकेतल्या मळ्यांत वर्षाला पन्नासेक फवारण्या होतात, त्याला हे एक मोठं कारण. फवारणीआधी बुरशीतलं हे जनुक तपासता येतं, आणि तशी सोय तालुक्याला मिळावी असं मला मनापासून वाटतं. औषध लागू पडणार नसेल तर पैसा आणि विहिरीचं पाणी दोन्ही वाचतील.

तोवर कुळागरात करायचं काम जुनंच आहे. पाणी तुंबू न देणं, मुनव्यांची गर्दी काढणं, आणि डाग दिसताच पानाचा तेवढा भाग कापणं. कापलेली पानं मात्र इकडेतिकडे टाकू नयेत; एकावर एक रचून ठेवली की खालच्या पानांतले बीजाणू हवेत उडत नाहीत.