खाडीकाठी किंवा बेटावर, सरकारी कांदळवनाशेजारी घर: परवानगीचा अर्ज कुठे अडतो

ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून घरदुरुस्तीचे, जाळ्यांच्या शेडचे कितीतरी अर्ज त्रुटी लागून परत येतात. फॉर्म बहुतेक वेळा बरोबर भरलेला असतो. अडतं ते दुसरीकडेच. सातबारा जमीन कुणाच्या नावावर ते सांगतो. तिथे काय बांधता येईल ते सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नकाशात आणि विकास आराखड्यात बघावं लागतं.

शेजारची जमीन कांदळवनाची आणि राखीव वन असेल, तर तिच्यावर शेडचा खांबसुद्धा रोवू नका. तिवरं (कांदळवनाची झाडं) तोडायची तर काम सार्वजनिक हिताचं हवं आणि उच्च न्यायालयाची आगाऊ परवानगी हवी. घरासाठी ती मिळत नाही.

खरा घोळ होतो तो 50 मीटरच्या मोकळ्या पट्ट्याचा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत हा पट्टा 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती सोडायला सांगितला आहे आणि खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला सूट आहे. लोक तेवढंच वाचतात, कधी कधी सल्लागारही. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाप्रमाणे मालकी कुणाचीही असो, क्षेत्र कितीही असो, महाराष्ट्रातलं प्रत्येक कांदळवन सीआरझेड-1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक बंधनांच्या वर्गात, येतं आणि भोवतालचे 50 मीटर मोकळे ठेवावे लागतात. अंतर तिवरांच्या कडेपासून मोजा, आपल्या कुंपणापासून नव्हे.

बेटावर राहणारे 20 मीटरचा नियम पुढे करतात. किनाऱ्यालगतच्या बेटांवर सीआरझेड भरतीरेषेपासून 20 मीटरच, असं 2019 च्या अधिसूचनेत आहे खरं. मात्र त्या बेटाचा व्यवस्थापन आराखडा केंद्राने मंजूर केल्यावरच ते लागू होतं. तोवर 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेचे नियम. आणि लागू झालं तरी त्या 20 मीटरमध्ये स्थानिकांच्या जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीच करता येते, नवं घर नाही. मासे सुकवण्याची, जाळी दुरुस्तीची जागा मात्र चालते.

आता कागद. मोजणी नकाशा, विकास आराखड्याचा अभिप्राय, वास्तुविशारदाचे नकाशे हे नेहमीचेच. सिडकोची जमीन असेल तर तिचा ना हरकत दाखला वेगळा. जो कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), कारण अनेक कोळीवाड्यांचं सीमांकनच झालेलं नाही. ते सरकारनेच करायचं, आणि खिडकीवर मात्र पत्रिका मागतात, याला काय म्हणावं! अशा वेळी घर 19 फेब्रुवारी 1991 च्या, म्हणजे पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या आधीचं आहे हे दाखवणारा पुरावा शोधा. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 ची. त्याआधीच्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदी कुठे गेल्या ते विचारा, माहिती अधिकारात मागा. नुसत्या घरपट्टीच्या पावतीने बांधकाम अधिकृत ठरत नाही, पण घराचं वय तरी कळतं.

दुसरा महाग पडणारा कागद म्हणजे भरतीरेषा दाखवणारा 1:4000 प्रमाणाचा नकाशा. केंद्राने नेमलेल्या संस्थेचाच चालतो, ओळखीच्या सर्व्हेअरचा नाही. तो काढायला देण्याआधी एक गोष्ट तपासा: जागा सीआरझेड-2 (विकसित शहरी भाग) किंवा 3 (मुख्यतः ग्रामीण भाग) मध्ये असेल आणि स्वतःच्या राहण्यासाठी एकूण 300 चौरस मीटरपर्यंतच बांधायचं असेल, तर 2019 च्या अधिसूचनेखाली महापालिकाच परवानगी देते. राज्याच्या किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही.

मुदतींबाबत जपून. नगररचना कायद्यात 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानतात, तेही बांधकाम नियमांत बसत असेल तरच. किनारा प्राधिकरणालाही 60 दिवसच आहेत, पण ते पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात, आणि उलटले म्हणून मंजुरी मिळत नाही. दोन्ही 60 एकच समजून पाया खणलेल्यांना नोटिसा येतात. मंजुरी हातात आली तरी सीआरझेडची काही वर्षं चालते, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एकाच वर्षाचं. ते संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.